मीठ पुढे, पाणी मागे

माणसाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, जेमतेम तीन लिटर असतो. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसभरात त्यातून सुमारे १८० लिटर द्रव गाळून बाजूला काढतात. म्हणजे तेच तीन लिटर दिवसातून साठेक वेळा गाळणीतून जातात. त्याच्याबरोबर जवळजवळ दीड किलो मीठही गाळलं जातं. आणि एवढं सगळं करून दिवसाची लघवी किती? साधारण दीड लिटर. मीठ जातं ते काही ग्रॅम. बाकीचं सगळं पुन्हा रक्तात.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते दोनदा ताडून पाहिले. तेव्हापासून मूत्रपिंडाला नुसती ‘शरीराची गाळणी’ म्हणणं मला अपुरं वाटतं. गाळणं त्यातल्या त्यात सोपं. ते हृदयाने दिलेल्या दाबावर होऊन जातं. खरी मेहनत आहे ती परत घेण्यात, आणि कशातलं किती परत घ्यायचं हे दर क्षणी ठरवण्यात. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. तिथे जी ऊर्जा खर्च होते तिचा मोठा वाटा एकाच कामाला लागतो: सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, परत ओढायला.

पाणी परत हवं असताना ओढायचं मात्र सोडियम, हे असं का? या प्रश्नाच्या उत्तरात मासे, उंट, समुद्रपक्षी आणि माणूस सगळेच येतात.

पाण्याला पंप नाही

काकडीची एक चकती घ्या, वर मीठ भुरभुरा आणि दहा मिनिटं थांबा. चकतीवर पाण्याचे थेंब जमतात आणि ती मऊ पडते. मिठाने काकडीच्या पेशींमधलं पाणी बाहेर खेचलं. जिथे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी आपण होऊन जातं. शाळेत यालाच परासरण म्हणून शिकवतात.

प्राण्याच्या पेशींचंही तेच. रक्तातल्या तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात, खाऱ्या पाण्यात टाकल्या तर आक्रसतात. मेंदूच्या पेशी फुगल्या तर कवटीत त्यांना जागाच नाही. म्हणून शरीर रक्ताचा खारटपणा फार अरुंद पट्ट्यात राखतं. इथे ‘खारटपणा’ म्हणजे नुसतं मीठ नव्हे, तर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या कणांची मिळून गर्दी. ती मोजण्याचं एकक मिलिऑस्मोल. माणसाच्या रक्तात दर लिटरमागे ही गर्दी तीनशेच्या किंचित खाली असते. समुद्राच्या पाण्यात सुमारे १०००. गोड्या पाण्याच्या तळ्यात जवळजवळ शून्य. हे तीन आकडे लक्षात ठेवले की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

आता अडचण अशी, की ऊर्जा खर्चून पाण्याचे रेणू थेट इकडून तिकडे ढकलणारा पंप प्राण्यांकडे नाही. सोडियम ढकलणारा पंप मात्र जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना ओळखला, आणि त्यासाठी १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. हा पंप दर फेरीला तीन सोडियम पेशीबाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. शरीराला पाणी हलवायचं असलं की ते आधी मीठ हलवतं, वाट मोकळी ठेवतं, आणि पाणी मिठाच्या मागोमाग जातं. वाट बंद ठेवली तर पाणी जागच्या जागी राहतं. सगळी कसब याच दोन गोष्टींत आहे: मीठ कुठे ढकलायचं आणि पाण्याचं दार कधी उघडायचं.

मासा पाण्यात राहूनही तहानलेला

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून पाणी सतत आत शिरत राहतं. हा मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. उलट त्याची मूत्रपिंडं दिवसरात्र भरपूर पातळ लघवी बाहेर टाकत असतात. तरी थोडंफार मीठ निसटतंच, ते तो कल्ल्यांतल्या खास पेशींनी पाण्यातून वेचून घेतो.

समुद्रातल्या हाडांच्या माशाचं अगदी उलट. त्याचं रक्त समुद्रापेक्षा निम्म्याहून कमी खारट, म्हणून पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. अथांग पाण्यात पोहणारा हा प्राणी वाळून जाण्याच्या धोक्यात असतो. तो समुद्राचं पाणी पितो आणि आलेलं मीठ कल्ल्यांतून परत समुद्रात ढकलतो. लघवी अगदी थोडी करतो, मुख्यतः मॅग्नेशियम आणि सल्फेटसारखे क्षार टाकण्यापुरती. समुद्रघोड्यासारख्या काही माशांनी तर गाळणीच सोडून दिली आहे. त्यांच्या मूत्रपिंडात रक्त गाळणारे गुच्छच नाहीत. जे टाकायचं ते नळीच्या भिंतीतून थेट आत सोडलं जातं. पाणीच वाचवायचं असेल तर आधी शेकडो पट गाळून मग परत कशाला घ्यायचं, हा त्यांचा हिशेब सरळ आहे.

शार्क तिसऱ्याच वाटेने गेला. प्रथिनं पचल्यावर उरणारा जो युरिया आपण लघवीतून टाकतो, तो शार्क रक्तात साठवतो, इतका की त्याचं रक्त समुद्राच्या बरोबरीचं, किंबहुना किंचित जास्तच दाट होतं. मग पाणी बाहेर जाण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट थोडं थोडं आत येत राहतं. एवढा युरिया प्रथिनांना घातक, म्हणून त्यावर उतारा म्हणून आणखी एक रसायन तो रक्तात बाळगतो. शिवाय आतड्याच्या शेवटाशी मीठ बाहेर टाकणारी एक ग्रंथी आहेच.

सॅल्मनचं मला सर्वांत नवल वाटतं. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. समुद्राकडे जाताना कल्ल्यांतल्या ज्या पेशी मीठ आत घेत होत्या त्यांच्या जागी मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशी तयार होतात, आणि परतताना पुन्हा उलट. एका आयुष्यात शरीराची सगळी व्यवस्था दोनदा फिरवायची.

एका थेंबाचा प्रवास

जमिनीवर आलेल्या प्राण्यांकडे कल्ले नाहीत. सगळा भार मूत्रपिंडावर आला.

मूत्रपिंड उभं चिरलं तर नुसत्या डोळ्यांनाही दोन भाग दिसतात. बाहेरची कड दाणेदार, आतला भाग रेघारेघांचा, आणि त्या रेघा मध्याकडे निमुळत्या होत जातात. दाणे म्हणजे गाळण्या, रेघा म्हणजे नळ्या. माणसाच्या एका मूत्रपिंडात अशी साधारण दहा लाख एककं असतात. एकेका एककाला नेफ्रॉन म्हणतात. त्यातल्या एकाच्या आतून आपण एका थेंबाबरोबर जाऊ.

सुरुवातीला रक्तवाहिन्यांचा बारीक गुंता, दोऱ्याच्या गुंडीसारखा. रक्ताच्या दाबाने पाणी आणि त्यात विरघळलेलं सगळं बारीकसारीक बाहेर झिरपतं: मीठ, साखर, युरिया, जीवनसत्त्वं, औषधं, विषं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. इथे कसलीही निवड होत नाही, आणि मला यातच या व्यवस्थेची खरी हुशारी दिसते. नको असलेल्या वस्तू ओळखून बाहेर टाकायच्या म्हटल्या, तर प्रत्येक नव्या विषासाठी नवं ओळखणारं यंत्र लागलं असतं. त्याऐवजी सगळंच बाहेर काढायचं आणि हवं तेवढं ओळखून परत घ्यायचं. हव्या वस्तूंची यादी छोटी आणि कायमची आहे. (काही पदार्थ नळीची भिंत मुद्दाम आतही सोडते, पण मुख्य रीत हीच.)

थेंब पुढच्या नागमोडी नळीत शिरतो. इथे घाऊक वसुली होते. सुमारे दोन तृतीयांश सोडियम आणि पाणी, आणि निरोगी माणसात जवळजवळ सगळी साखर परत रक्तात जाते. सोडियमचा पंप चालतो, पाणी मागोमाग येतं. पण मीठ आणि पाणी बरोबरीने जात असल्यामुळे नळीत उरलेल्या द्रवाचा खारटपणा मात्र रक्ताएवढाच, तीनशेच्या घरात राहतो.

मग येतं ते लांब वळण. नळी सरळ खाली, मूत्रपिंडाच्या गाभ्याकडे जाते, टोकाशी केसाच्या पिनेसारखी वळते आणि शेजारून परत वर येते. जर्मन शरीररचनातज्ज्ञ याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये हे वळण वर्णन केलं, म्हणून ते हेन्लेचं वळण. पुढची ऐंशी वर्षं ते कशासाठी आहे हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. कोडं उलगडलं ते एका रसायनतज्ज्ञाने. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या वेर्नर कून यांनी १९४२ मध्ये सांगितलं, की शेजारून उलट दिशांना वाहणारे दोन प्रवाह खारटपणा टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊ शकतात.

ते असं. वर येणारी बाजू द्रवातलं मीठ बाहेर ढकलते, पण तिच्या भिंती पाण्याला पूर्ण बंद. म्हणून भोवतालचा भाग खारट होतो आणि नळीतला द्रव पातळ. खाली जाणाऱ्या बाजूच्या भिंतीतून पाणी जाऊ शकतं. भोवताली खारटपणा वाढलेला, म्हणून तिथलं पाणी बाहेर पडतं आणि आतला द्रव दाट होत जातो. हा दाट झालेला द्रव वळण घेऊन वरच्या बाजूला येतो. आता पंपाला आधीपेक्षा जास्त खारट द्रव मिळाला. तो त्यातून आणखी मीठ बाहेर काढतो. पंपाची एका ठिकाणची ताकद मर्यादितच आहे. आतल्या-बाहेरच्या खारटपणात तो सुमारे २०० चा फरक पाडू शकतो. पण प्रवाह सरकत राहतो आणि फरकावर फरक चढत जातो. जिन्याच्या एका पायरीची उंची तेवढीच असते, पण पायऱ्या किती त्यावर आपण किती वर पोचतो हे ठरतं. माणसाच्या मूत्रपिंडात बाहेरच्या कडेला ३०० असलेला खारटपणा आतल्या टोकाशी १२०० पर्यंत चढतो. त्यात जवळपास निम्मा वाटा मिठाचा आणि निम्मा युरियाचा. युरिया हा नुसता कचरा नव्हे, तोही इथे कामाला लावलेला असतो.

हे सगळं कागदावर पटण्यासारखं होतं, पण खरंच आत असा चढता खारटपणा आहे का? १९५१ मध्ये कून यांनी हार्गिताय आणि विर्त्स यांच्यासह उंदराचं मूत्रपिंड गोठवलं, त्याचे पातळ काप केले आणि ते हळूहळू गरम करत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. खारा बर्फ कमी तापमानाला वितळतो. आतल्या टोकाजवळचा बर्फ आधी वितळला आणि कडेचा शेवटी. इतकं साधं, इतकं निर्णायक.

आपला थेंब मात्र वळण पार करून वर आला तेव्हा उलट पातळ झालेला असतो, रक्तापेक्षाही पातळ. मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण अजून एक फेरी बाकी आहे. अनेक नेफ्रॉन एका संग्राहक नळीत रिकामे होतात, आणि ही नळी त्याच खारट गाभ्यातून पुन्हा एकदा खाली उतरते. बाहेर १२०० चा खारटपणा पाणी ओढून घ्यायला टपलेला आहे. नळीचं दार उघडं असेल तर पाणी बाहेर जातं, रक्तवाहिन्या ते उचलतात, आणि लघवी दाट, पिवळीजर्द होते. दार बंद असेल तर पातळ द्रव तसाच मूत्राशयात उतरतो.

दार कोण उघडतं

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, काही पेशी रक्ताचा खारटपणा सतत चाखत असतात. तो एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी त्यांना कळतं. मग पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं, आणि थोड्या वेळाने तहानही लागते. व्हॅसोप्रेसिन संग्राहक नळीच्या पेशींपर्यंत पोचलं की त्या पेशी आत साठवून ठेवलेल्या पाण्याच्या वाहिन्या काही मिनिटांत पृष्ठभागावर आणून बसवतात. संप्रेरक ओसरलं की वाहिन्या पुन्हा आत ओढल्या जातात.

या वाहिन्या म्हणजे ॲक्वापोरिन. त्या असाव्यात असा अंदाज जुना होता, सापडत मात्र नव्हत्या. अमेरिकेतले पीटर ॲग्री रक्तगटाशी संबंधित प्रथिनाचा अभ्यास करत होते, तेव्हा तांबड्या पेशींत त्यांना एक अनोळखी प्रथिन विपुल प्रमाणात आढळलं. ते काय करतं हे पाहायला त्यांच्या गटाने बेडकाच्या अंड्यांचा उपयोग केला. बेडकाची अंडी तळ्यात पडून राहतात, पण पाणी आत शिरून फुटत नाहीत, कारण त्यांचा पडदा पाण्याला फारसा वाव देत नाही. या अंड्यांत त्या प्रथिनाचा आराखडा टोचला, अंड्यांनी ते प्रथिन बनवलं, आणि मग ती पातळ द्रवात सोडली. अंडी फुगली आणि काही मिनिटांत फुटली. शेजारची साधी अंडी तशीच होती. हे १९९२ चं काम. २००३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. अशा एका वाहिनीतून सेकंदाला अब्जावधी रेणू एकेरी रांगेत जातात, आणि त्या रांगेत मीठ घुसू शकत नाही.

दारू प्यायल्यावर वारंवार लघवीला का होतं, याचं उत्तरही इथेच आहे: दारू व्हॅसोप्रेसिन दाबते, दार बंद राहतं आणि पाणी वाया जातं.

पाण्याचा हिशेब वेगळा, मिठाचा वेगळा

इथे बरेच जण चुकतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

एक लिटर साधं पाणी प्या. अर्ध्या-पाऊण तासात लघवी वाढते आणि दोन-तीन तासांत बहुतेक पाणी निघून जातं, कारण रक्त किंचित पातळ झालं आणि व्हॅसोप्रेसिन थांबलं. आता त्याच एक लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे ते रक्ताइतकंच खारट झालं. हे प्यायलं तर रक्ताचा खारटपणा बदलतच नाही. मेंदूतल्या त्या पेशी शांत राहतात आणि पाणी बराच वेळ अंगातच राहतं. ते बाहेर काढायला मिठाचा हिशेब ठेवणारी दुसरी यंत्रणा लागते. ती खारटपणा मोजत नाही. रक्तवाहिन्या किती भरल्या आहेत ते पाहते. दाब उतरला की मूत्रपिंड स्वतःच रेनिन सोडतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडतात. हे संप्रेरक मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धरून ठेव. उलट रक्त जास्त झालं की हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून मीठ बाहेर टाकायला लावणारं संप्रेरक सुटतं.

थोडक्यात, शरीरात मीठ किती यावर द्रव एकूण किती राहणार हे ठरतं, आणि पाणी किती यावर तो द्रव किती खारट हे ठरतं. म्हणून रक्ततपासणीत ‘सोडियम कमी’ आलं की मीठच कमी पडलं असं धरून चालणं बरोबर नाही. बहुतेक वेळा तिथे मिठाच्या मानाने पाणी जास्त झालेलं असतं, आणि मूत्रपिंडाला ते काही कारणाने बाहेर टाकता येत नसतं. उपाय कारणावर अवलंबून असतो, कधी तर पाणी कमी करणं हाच असतो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायला हवा. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांचं रक्त शर्यतीच्या शेवटी तपासलं, तेव्हा ४८८ पैकी १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. धोका सर्वांत जास्त कुणाला होता? धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांना, म्हणजे घामाने गेलं त्यापेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांना.

वळण जितकं लांब

माणसाची लघवी जास्तीत जास्त १२०० ते १४०० पर्यंत दाट होते. समुद्राचं पाणी १००० चं. मग ते प्यायला हरकत काय, असं वाटेल. पण मूत्रपिंडाला त्याच लघवीतून युरियाही टाकायचा असतो. सगळी जागा मिठाला देता येत नाही. एक लिटर समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर काढायला एक लिटरहून जास्त लघवी लागते. प्रत्येक पेल्यागणिक माणूस आणखी कोरडा पडतो.

हेन्लेचं वळण फक्त सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत आहे. बेडूक आणि सरडे यांच्या मूत्रपिंडाला रक्तापेक्षा दाट लघवी करताच येत नाही. आणि सस्तन प्राण्यांमध्येही वळणाची लांबी पाहून तो प्राणी कुठे राहत असेल याचा बराच अंदाज येतो. बीव्हर आयुष्यभर पाण्यात. त्याची वळणं आखूड आणि लघवी माणसाच्या निम्म्यानेही दाट होत नाही. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू-उंदीर जन्मात पाणी प्यायला नाही तरी चालतं. त्याची वळणं लांबलचक, लघवी ५००० च्या पुढे जाते. ऑस्ट्रेलियातल्या उड्या मारणाऱ्या उंदराची तर ९००० च्या आसपास, समुद्राच्या नऊपट. पाणी येतं कुठून? सुक्या बियांतलं अन्न जाळताना शरीरातच पाणी तयार होतं. शंभर ग्रॅम चरबी जाळली की शंभर ग्रॅमहून थोडं जास्तच पाणी मिळतं. शिवाय तो दिवसभर बिळात राहतो, आणि श्वास बाहेर सोडताना गार नाकात वाफेचं पाणी होऊन ते परत मिळतं. मूत्रपिंड एकट्याने हा खेळ जिंकत नाही.

उंटाचंही तसंच. मदारीत पाणी नसतं, चरबी असते. त्याची लघवी दाट होतेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शरीराच्या वजनाच्या पाव भागाइतकं पाणी गेलं तरी तो तग धरतो. पुढे पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पितो. एवढं पाणी एकदम आल्यावर दुसऱ्या प्राण्याच्या तांबड्या पेशी फुटल्या असत्या. उंटाच्या पेशी लंबगोल असतात आणि दुपटीहून जास्त फुगल्या तरी टिकतात.

पक्ष्यांनी पाणी वाचवायला आणखी एक युक्ती केली. प्रथिनं पचली की नत्राचा कचरा उरतो. मासे तो अमोनिया म्हणून सोडून देतात; अमोनिया विषारी, पण भोवताली पाणी भरपूर. आपण ऊर्जा खर्चून त्याचा युरिया करतो. पक्षी त्याहून जास्त ऊर्जा खर्चून यूरिक आम्ल करतात. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे खारटपणात मोजलंच जात नाही आणि जवळजवळ कोरडं टाकता येतं. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे त्याची लघवीच.

तरीही समुद्रपक्ष्यांची मूत्रपिंडं समुद्राच्या मिठाला पुरी पडत नाहीत. मग ते काय करतात हे प्राण्यांच्या शरीरक्रियांचे अभ्यासक क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. त्यांनी एका कुरव पक्ष्याला त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं समुद्राचं पाणी पाजलं आणि बाहेर पडणारा प्रत्येक थेंब गोळा केला. थोड्याच वेळात पक्ष्याच्या चोचीच्या टोकावर स्वच्छ थेंब येऊ लागले आणि पक्षी मान झटकून ते उडवू लागला. तो द्रव समुद्राच्या पाण्याहूनही कितीतरी खारट होता. तीन तासांच्या आत बहुतेक मीठ बाहेर पडलं होतं, आणि त्यातलं बरंचसं या थेंबांतून. डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत दोन ग्रंथी असतात. त्यांच्या नळ्या नाकपुड्यांत उघडतात. समुद्री कासवात अशीच ग्रंथी डोळ्यापाशी असते. अंडी घालायला किनाऱ्यावर आलेल्या मादीच्या डोळ्यांतून गळतं ते हेच मीठ.

शेवटी एक रात्र पाहू, रक्त पिणाऱ्या वटवाघळाची. याचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. झोपलेल्या जनावराच्या कातडीला बारीक जखम करून ते रक्त चाटायला लागतं आणि एका बैठकीत आपल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त रक्त पितं. रक्ताचा बहुतांश भाग पाणी. एवढं ओझं घेऊन उडणं अवघड, म्हणून खाणं चालू असतानाच, काही मिनिटांत, ते लघवी करू लागतं. लघवी पातळ, धो-धो: दार बंद, पाणी सरळ बाहेर. पोट भरेपर्यंत बरंचसं पाणी जमिनीवर गेलेलं असतं आणि उरलेलं दाट अन्न घेऊन ते उडतं. पण गुहेत परतल्यावर चित्र उलटतं. पोटात आता जवळजवळ निव्वळ प्रथिन, त्यातून ढीगभर युरिया तयार होणार, आणि पुढच्या रात्रीपर्यंत पाण्याचा थेंब मिळणार नाही. तेच मूत्रपिंड, त्याच नळ्या. व्हॅसोप्रेसिन चढतं, पाण्याच्या वाहिन्या पृष्ठभागावर येतात, आणि छताला उलटं लटकलेलं ते वटवाघूळ आता वाळवंटातल्या उंदरासारखी, अगदी थोडी आणि कमालीची दाट लघवी करतं.